बुद्धिबळाच्या इंजिनांतील साम्य आणि कसोटी-पटस्थितींची पद्धत : एक विवेचन

प्रस्तावना

पटावरील एखादी निवडक स्थिती समोर मांडून ‘येथून पुढे कोणती चाल योग्य?’ असे विचारणे, ही बुद्धिबळातील परीक्षेची जुनी रीत आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथाचा मुख्य भाग अशाच पटस्थितींचा आहे. पुढे संगणक बुद्धिबळ खेळू लागला, तेव्हा त्याची ताकद जोखण्यासाठीही हेच साधन उपयोगी पडले. एकविसाव्या शतकात मात्र या पटस्थितींचा एक निराळा उपयोग पुढे आला. दोन आज्ञावल्या परस्परांपासून स्वतंत्रपणे लिहिल्या गेल्या आहेत की एक दुसरीवरून बेतलेली आहे, याचा अंदाज त्यांच्या चालींच्या साम्यावरून घेण्याचा तो प्रयत्न होय.

हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांपुरता नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यापूर्वी नाशिकच्या विदित गुजराथी यांनी जागतिक पातळीवर आपले स्थान निर्माण केले. आज कोणत्याही गंभीर खेळाडूची तयारी इंजिनाच्या साहाय्यावाचून पूर्ण होत नाही. एका डावाचे परीक्षण तीन इंजिनांकडून करून घेतले आणि तिघांनी एकच चाल सुचविली, तर खेळाडूचा विश्वास दृढ होतो. परंतु ती तिन्ही इंजिने एकाच मूळ आज्ञावलीची रूपे असतील, तर ते तीन साक्षीदार नसून एकाच साक्षीदाराची तीन वेळा घेतलेली साक्ष ठरते. शिवाय ज्याने वर्षानुवर्षे खपून आज्ञावली लिहिली, त्याच्या श्रेयाचा आणि हक्काचाही प्रश्न आहेच.

प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप, तिचे सांख्यिकीय अंग, तिच्या मर्यादा आणि संशोधन-मार्गदर्शनाच्या क्षेत्रात तिच्यापासून घ्यावयाचा बोध यांचे विवेचन करण्याचे योजिले आहे. साम्याचा टक्का हा चौकशीचा आरंभ असतो, तो निकाल नसतो, हे या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

१. इंजिनाची रचना

बुद्धिबळाचे इंजिन म्हणजे दिलेल्या पटस्थितीत चाल निवडणारी आज्ञावली. तिचे स्थूलमानाने दोन भाग असतात. पहिला भाग शोधाचा : मी ही चाल केली, प्रतिस्पर्ध्याने ती केली, मग मी अमुक केली, अशा शक्यतांच्या फांद्या तपासत जाणे. दुसरा भाग मूल्यमापनाचा : फांदीच्या टोकाशी जी स्थिती येईल ती कोणाच्या बाजूची आणि किती, याला अंक देणे.

क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या रचनेची मांडणी केली होती. वजिराला ९, हत्तीला ५, उंट व घोडा यांना प्रत्येकी ३ आणि प्याद्याला १ असे मूल्य त्यांनी धरले होते. त्यानंतर प्याद्यांची रचना, राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांना हालचालीस मिळणारा वाव अशा अनेक घटकांची भर पडली. यांतील बहुतेक कल्पना ग्रंथांतून व शोधनिबंधांतून सर्वांना उपलब्ध आहेत. त्यामुळे दोन स्वतंत्र इंजिनांत काही साम्य आढळणे अपरिहार्य आहे. व्याकरणाची दोन पुस्तके स्वतंत्रपणे लिहिली, तरी संधीचे नियम दोन्हींत सारखेच येणार, तसाच हा प्रकार आहे. मात्र कोणत्या घटकाला नेमके किती वजन द्यावे, हे प्रत्येक लेखकाने आपल्या प्रयोगांवरून ठरविलेले असते. इंजिनाचा ‘स्वभाव’ या वजनांतून घडतो आणि साम्याची कसोटी प्रामुख्याने हा स्वभाव पकडू पाहते.

२. ताकदीची कसोटी आणि साम्याची कसोटी

ताकद मोजण्यासाठी तयार केलेले पटस्थितींचे संच प्रसिद्ध आहेत. इव्हान ब्रात्को आणि डॅनी कोपेक यांच्या १९८२ च्या कसोटीत २४ स्थिती होत्या. फ्रेड राइनफेल्ड यांच्या एका लोकप्रिय पुस्तकातील ३०० स्थितींचा संच अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. डॅन कॉर्बिट आणि स्वामीनाथन नटराजन यांनी डावपेचांऐवजी धोरणावर भर देऊन, विषयवार शंभर-शंभर स्थितींचा संच तयार केला. या सर्व संचांत ‘योग्य उत्तर’ आधीच ठरलेले असते आणि इंजिनाने ते शोधले की त्यास गुण मिळतो.

साम्याच्या कसोटीस मात्र असे संच अपुरे पडतात. ज्या स्थितीत एकच चाल उत्तम आहे, तेथे सर्व सबळ इंजिने तीच चाल करतील. गणिताच्या प्रश्नपत्रिकेत दोन विद्यार्थ्यांचे उत्तर ४२ असे जुळले म्हणून कोणी नक्कल केली असे ठरत नाही. उत्तर बरोबर असल्यामुळे ते जुळले. उलट निबंधात दोघांनी एकच अनपेक्षित उदाहरण, एकाच क्रमाने आणि एकाच चुकीसह दिले, तर परीक्षक थबकतो. म्हणून साम्याच्या कसोटीसाठी शांत स्थिती निवडाव्या लागतात. जेथे चार-पाच चाली जवळजवळ सारख्याच योग्य आहेत आणि निवड केवळ ‘रुची’वर अवलंबून आहे, अशा या स्थिती. प्रतिस्पर्ध्याने वजीर मारला असता तो परत मारण्यावाचून गत्यंतर नसते. ही स्थिती निरुपयोगी. हत्ती कोणत्या स्तंभावर न्यावा, कडेचे प्यादे पुढे ढकलावे की घोडा फिरवून आणावा, अशा द्विधेची स्थिती उपयोगी.

या भेदाचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शंभर स्थितींच्या संचात ३० स्थिती सक्तीच्या चालींच्या आहेत. त्या सर्वांत दोन्ही इंजिने जुळतील. उरलेल्या ७० स्थितींत ती ४० टक्के वेळा, म्हणजे २८ ठिकाणी जुळली, तर एकूण साम्य ५८ टक्के दिसेल. वास्तविक निवडीला वाव होता तेथील साम्य मात्र ४० टक्केच आहे. संच बदलला की टक्का बदलतो, म्हणून संचाचे वर्णन न देता सांगितलेला टक्का निरर्थक होय.

३. कसोटीची कार्यपद्धती

या प्रकारचे सर्वांत परिचित साधन डॉन डेली यांनी तयार केले. कोमोडो या इंजिनाचे ते एक कर्ते होते. २०१३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या साधनात आठ हजारांहून अधिक पटस्थिती आहेत. प्रत्येक इंजिनास प्रत्येक स्थिती ठरावीक अल्प काळ देऊन त्याची चाल नोंदवायची आणि मग दोन-दोन इंजिनांच्या नोंदी ताडून पाहायच्या, एवढीच त्याची मूळ रीत आहे. येथे चाल चांगली की वाईट हे पाहिले जात नाही. ती सारखी आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

तथापि ही साधी रीत विश्वसनीय ठरण्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात.

(अ) इंजिनाचे आरंभीच्या चालींचे तयार पुस्तक बंद ठेवावे. अन्यथा इंजिनाऐवजी पुस्तकाचीच तुलना होईल.

(आ) प्रोसेसरचा एकच धागा वापरावा. अनेक धाग्यांवर चालणारे इंजिन तीच स्थिती दुसऱ्यांदा दिली असता वेगळी चाल करू शकते.

(इ) प्रत्येक स्थितीपूर्वी इंजिनाची तात्पुरती स्मृती पुसावी, म्हणजे आधीच्या स्थितीचा परिणाम पुढील उत्तरावर होणार नाही.

(ई) एका डावातून एकच स्थिती घ्यावी. एकाच डावातील लागोपाठच्या वीस स्थिती या वीस स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत.

(उ) नियंत्रण-चाचण्या अवश्य घ्याव्यात. एकच इंजिन दोनदा चालवावे, त्याच इंजिनास दुप्पट वेळ देऊन पाहावे, त्याच्या जुन्या व नव्या आवृत्त्यांची तुलना करावी. स्वतःशीच एखादे इंजिन किती जुळते हे ठाऊक नसेल, तर इतरांशी असलेल्या साम्याला मोजमापाचा आधार राहत नाही.

४. टक्क्याचा अर्थ

स्वतंत्रपणे लिहिलेल्या इंजिनांच्या चालीही बऱ्याच प्रमाणात जुळतात. डेली यांच्या साधनाचा सर्वसाधारण अनुभव असा, की असंबद्ध इंजिनांचे साम्य चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राहते आणि साठ टक्क्यांच्या पुढे गेले की शंकेस जागा निर्माण होते. ही मर्यादा निसर्गनियम नव्हे. विशिष्ट संच, विशिष्ट वेळ आणि त्या काळातील इंजिने यांच्या अनुभवातून ती आली आहे.

नमुन्याचा आकारही विचारात घ्यावयास हवा. साम्य ५० टक्के असताना १०० स्थितींच्या संचात प्रमाणत्रुटी ५ टक्के येते. म्हणजे ४० ते ६० या टप्प्यातील कोणताही आकडा केवळ योगायोगानेही दिसू शकतो. १००० स्थितींत प्रमाणत्रुटी सुमारे १.६ टक्के, तर ८००० स्थितींत सुमारे ०.५६ टक्के होते. मोठ्या संचाचा आग्रह धरला जातो तो यासाठी.

दुसरा मुद्दा जोड्यांच्या संख्येचा. दहा इंजिनांच्या ४५ जोड्या होतात, शंभरांच्या ४९५०. शंभर जोड्यांमागे एक खोटा इशारा देणारी कसोटी वापरली, तरी ४९५० जोड्यांत सुमारे ५० निरपराध जोड्या संशयित ठरतील. एखाद्या जोडीवर पूर्वीपासून शंका असताना मिळालेला ऊर्ध्व टक्का आणि हजारो जोड्या चाळून हाती आलेला तोच टक्का, यांचे वजन सारखे नाही.

तिसरा मुद्दा वंशवृक्षाचा. साम्याच्या आकड्यांवरून इंजिनांचे गट पाडून त्यांची झाडासारखी आकृती काढता येते. ती डोळ्यांना पटणारी असते. परंतु फांद्या जवळ असणे म्हणजे रक्ताचे नाते असणे नव्हे. शिवाय साम्य हे परस्पर असते. कोणी कोणाकडून घेतले, की दोघांनी तिसऱ्याकडून घेतले, हे या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी कालक्रम पाहावा लागतो.

५. फ्रूट आणि रिब्का

या विषयातील सर्वांत गाजलेले प्रकरण फ्रूट व रिब्का या इंजिनांचे. फाबियँ लतूझे यांचे फ्रूट २००४ मध्ये आले आणि २००५ मध्ये त्याच्या २.१ आवृत्तीची मूळ आज्ञावली मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस वासिक राजलिश यांच्या रिब्काची पहिली आवृत्ती प्रकट झाली आणि पुढील काही वर्षे ते सर्वांत बलाढ्य इंजिन ठरले. रिब्काचा काही भाग फ्रूटवरून घेतल्याचा आक्षेप आला. आंतरराष्ट्रीय संगणक-खेळ संघटनेने चौकशी करून जून २०११ मध्ये राजलिश यांना दोषी ठरविले, रिब्काची जागतिक संगणक स्पर्धांतील २००६ ते २०१० ची मानांकने रद्द केली आणि राजलिश यांच्यावर आजीवन बंदी घातली. आपली आज्ञावली मूळचीच आहे, अशी राजलिश यांची भूमिका राहिली. २०१५ मध्ये फिडेच्या नीतिसमितीने आजीवन बंदी ग्राह्य धरली नाही आणि कार्यपद्धतीबाबत संघटनेस समज दिली.

या प्रकरणातील दोन बाबी आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिली, चौकशीचा मुख्य आधार चालींच्या साम्याचा टक्का हा नव्हता. रिब्काची यंत्रभाषेतील आज्ञावली उलगडून तिची फ्रूटच्या खुल्या आज्ञावलीशी तुलना करण्यात आली. मार्क वॉटकिन्स यांनी इतर अनेक इंजिनांनाही सोबत घेऊन मूल्यमापनातील घटकांची घटकवार तुलना केली, जेणेकरून ‘सर्वांतच आढळणारे साम्य’ आणि ‘या दोघांतच आढळणारे साम्य’ वेगळे करता यावे. दुसरी, एवढा तपशील असूनही आज्ञावलीतील कल्पना घेणे कोठे संपते आणि रचना घेणे कोठे सुरू होते, यावर जाणकारांत मतभेद उरलेच. तपशिलांनी जे पूर्णतः मिटले नाही, ते एका टक्क्याने मिटेल अशी अपेक्षा धरणे गैर होय.

उसनवारी मुळातच निषिद्ध आहे, असाही याचा अर्थ नाही. थॉमस गाक्श यांचे टोगा हे इंजिन उघडपणे फ्रूटवर आधारलेले होते. टोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंगमधून २००८ मध्ये मार्को कोस्टाल्बा यांनी स्टॉकफिश उभे केले, तेही मुक्त परवान्याच्या अटी पाळून आणि मूळ कर्त्याचे श्रेय राखून. साम्य येथेही आहेच; दोष मात्र नाही. दोष असतो तो ऋण लपविण्यात.

६. मज्जाजालांच्या काळातील अडचण

२०१८ मध्ये यू नासू यांनी जपानी शोगी खेळासाठी एक कार्यक्षम मज्जाजाल-रचना मांडली. सप्टेंबर २०२० च्या स्टॉकफिश १२ मध्ये ती बुद्धिबळासाठी वापरली गेली. मूल्यमापनातील वजने माणसाने बसविण्याऐवजी कोट्यवधी पटस्थितींवरील प्रशिक्षणातून आपोआप ठरू लागली. यामुळे कसोटीचे दोन्ही बाजूंनी पाय डळमळले.

एकीकडे, तीच आज्ञावली ठेवून केवळ मज्जाजाल बदलले, तर इंजिनाचा स्वभाव बदलतो आणि चालींचे साम्य घटू शकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेसबेस कंपनीने विक्रीस आणलेल्या फॅट फ्रिट्झ २ या इंजिनात मज्जाजाल निराळे होते, पण त्याखालील आज्ञावली स्टॉकफिशची होती. मुक्त परवान्याचा भंग झाल्याच्या कारणावरून जुलै २०२१ मध्ये स्टॉकफिशच्या कर्त्यांनी जर्मनीत दावा दाखल केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये समझोता झाला आणि त्यानुसार कंपनीने एका वर्षासाठी स्टॉकफिशचा अंश असलेल्या इंजिनांची विक्री थांबविण्याचे मान्य केले. हा वाद चालींच्या टक्क्यावर नव्हे, आज्ञावली आणि परवाना यांच्या आधारे चालला.

दुसरीकडे, दोन लेखकांनी आज्ञावली सर्वस्वी स्वतंत्र लिहिली, परंतु मज्जाजाल एकाच सामग्रीवर शिकविले, तर चाली जुळू लागतील. स्टॉकफिशच्याच मज्जाजालांच्या प्रशिक्षणात २०२१ पासून लीला या दुसऱ्या इंजिनाच्या डावांतील सामग्री वापरली गेली. एकाच गुरूचे दोन शिष्य एकमेकांची वही न पाहताही सारखे लिहितात, तसे हे साम्य होय.

सारांश, साम्य कमी असूनही नक्कल असू शकते आणि साम्य अधिक असूनही नक्कल नसू शकते.

७. संशोधन-मार्गदर्शकांसाठी बोध

प्राध्यापकवर्गास हा प्रश्न परका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियमांनी साम्याचे चार स्तर ठरविले : १० टक्क्यांपर्यंत, १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक. प्रबंधाच्या बाबतीत पहिल्या स्तरास दंड नाही. दुसऱ्यात सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत सादर करावयाची, तिसऱ्यात एक वर्षापर्यंत सुधारित प्रत सादर करण्यास मनाई आणि चौथ्यात नोंदणी रद्द, अशी तरतूद आहे. म्हणजे एका आकड्यावर विद्यार्थ्याची काही वर्षांची मेहनत अवलंबून असते.

परंतु याच विनियमांत संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, सर्वसामान्य संज्ञा, कायदे, प्रमाण चिन्हे व समीकरणे साम्याच्या तपासणीतून वगळावीत असे म्हटले आहे. पटस्थितींच्या संचातून सक्तीच्या चाली वगळण्यासारखेच हे आहे : जेथे लेखकाला निवडीचे स्वातंत्र्यच नव्हते, तेथील साम्य मोजू नये. तसेच निर्णयासाठी विभाग व संस्था या दोन्ही पातळ्यांवर समित्यांची योजना आहे. विनियमांची भूमिका आकडा पुढे ठेवून माणसांनी विचार करावा अशी आहे. व्यवहारात अनेकदा विचार बाजूला राहतो आणि केवळ आकडा उरतो.

इंजिनांच्या अनुभवातून मार्गदर्शकाने स्वतःस विचारावयाचे प्रश्न पुढीलप्रमाणे मांडता येतील : साम्य कोठे आहे, व्याख्यांत की निष्कर्षांत? त्याच विषयावरील इतर स्वतंत्र प्रबंधांत ते साधारणपणे किती आढळते? कालक्रम काय सांगतो? दोघांचा तिसरा समाईक स्रोत आहे काय? आणि संबंधितास आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली काय? याउलट आठ टक्के साम्य असलेल्या प्रबंधातही एखाद्याची संपूर्ण कल्पना शब्द बदलून उचललेली असू शकते, याचेही भान ठेवावयास हवे.

८. महाविद्यालयात करता येण्याजोगा प्रयोग

ही सर्व चर्चा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष करून दाखविणे सोपे आहे. हर्सूलसारख्या शहरालगतच्या परिसरातील महाविद्यालयातही एक साधा संगणक त्यास पुरेसा होतो. फ्रूट २.१, टोगा, ग्लाउरुंग आणि स्टॉकफिशची एखादी जुनी आवृत्ती ही इंजिने मुक्त परवान्याखालील आहेत. प्रकाशित डावांतून, प्रत्येकी एक याप्रमाणे, १००० शांत स्थिती निवडाव्यात. प्रत्येकीस एक सेकंद द्यावा. एका इंजिनास यासाठी सतरा मिनिटे लागतात. फ्रूट–टोगा आणि ग्लाउरुंग–स्टॉकफिश या जोड्यांचे नाते जाहीर असल्याने, कसोटी ते ओळखते काय हे तपासता येते. नंतर तोच प्रयोग डावपेचांच्या स्थिती घेऊन करावा आणि टक्का कसा बदलतो ते पाहावे. संगणकशास्त्र, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग एकत्र करता येईल.

समारोप

कसोटी-पटस्थितींची पद्धत उपयुक्त आहे, यात शंका नाही. कमी खर्चात, मूळ आज्ञावली हाती नसतानाही, कोठे पाहावयास हवे हे ती दाखविते. मात्र ती वर्तनाचे साम्य मोजते, उगमाचे नव्हे. वर्तनावरून उगमाकडे जाण्यासाठी संचाची काळजीपूर्वक निवड, नियंत्रण-चाचण्या, कालक्रम, आज्ञावलीची प्रत्यक्ष तपासणी आणि आरोपिताचे म्हणणे, या सर्व पायऱ्या चढाव्या लागतात. इंजिन असो वा प्रबंध, कर्त्याच्या श्रेयाचे रक्षण करणे आणि निरपराधास दोष न लावणे ही दोन्ही कर्तव्ये सारख्याच महत्त्वाची आहेत. ती पार पाडण्याची जबाबदारी आकड्यावर सोपविता येत नाही. ती परीक्षकाचीच राहते.